वरच्या बाजूची माती

कासू, ता. १८ मे १९९४

एकच वीट. तीही आडवी नाही, उभी. मृणालीला तू जो फोटो पाठवलास त्यात तू दात काढून उभा आहेस, भांग पाडलायस, हात तिकडे कामावर राहायला मिळालेल्या त्या चाकाच्या डब्यावर ठेवलायस, आणि डब्याच्या पुढच्या जॅकखाली एक वीट उभी करून ठेवलीय. मागे डोंगराचा उतार. चाकाला दगड आहे की नाही ते दिसत नाही, कारण तिथे तुझा पाय आलाय. तीन महिन्यांत हा पोरगा काही शिकला नाही, हे बघायला मला चष्मा पुसावा लागला नाही. ही तक्रार आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढे राहून जाईल.

प्रिय निल्या,

आजीचा आशीर्वाद. पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. साक्षरतेच्या वर्गाला जायला लागले तेव्हा तू हसला होतास, म्हातारी आता कलेक्टर होणार म्हणून. कलेक्टर झाले नाही, पण तुझ्यापुरतं लिहिता येतं. मृणाली म्हणाली, आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे. मी म्हटलं, तुझं अक्षर तुझ्या नवऱ्याला दाखव गो, माझं मी बघते. चार दिवस झाले हे चाललंय. दोन ओळी लिहिते, उठते, अंगणात डब्यापाशी जाऊन येते, परत बसते. मालू म्हणते आईंच्या पायाला भिंगरी लागलीय, एका जागी ठरत नाहीत. तुझ्या आईला बोलायला काय जातंय. तिने फोटोतली वीट बघितली नाही. तिने बघितलं ते तू वाळलायस का.

इथलं कळवते. तुझ्या बापाचा पाय भरलाय. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं ते गेलं, पण जखम सुकली. जगन चालतो, चप्पल मागून पट्टीने बांधून. मिठागरात वाफा तुडवायला मात्र उतरता येत नाही. ओल्या चिखलात अंगठ्याच्या जोरावर उभं राहावं लागतं आणि तो जोरच राहिला नाही. मुकादमाने त्याला मिठाच्या राशी राखायला बसवलंय. छत्री उघडून बसतो, बगळ्यांना दगड मारतो. तीस वर्षं ज्याच्या पायाखाली वाफे तयार झाले तो माणूस आता दुसऱ्यांना ओरडतो, अरे कोपरा राहिला, टाच मार. घरी आला की तुझं नाव काढत नाही. पण रोह्याकडची गाडी स्टेशनात थांबली की बोलता बोलता गप्प होतो, आणि गाडी सुटली की जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलतो. शिमगा गेला, पाडवा गेला. शिमग्याला तुझ्या वाटणीच्या पुरणपोळ्या मालूने कुत्र्याला घातल्या, आणि मग कुत्र्यावर ओरडली.

वरसे गावाहून मृणालीचे वडील हैबतराव येऊन गेले. चहा पुढे केला तर म्हणाले, नको, ऊन आहे. एवढ्या उन्हात चालत आलेला माणूस चहाला नको म्हणतो तेव्हा काय बोलायला आलाय ते कळतंच. म्हणाले, जो मुलगा बापाला तोंड दाखवत नाय, तो माझ्या पोरीला काय सांभाळेल. पाऊस पडायच्या आत तो येऊन उभा राहिला तर ठीक, नाहीतर सुपारी मोडली समजा. जगन खाली मान घालून बसला होता. मीच म्हटलं, येईल. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला विचारू नकोस. मृणाली त्या दिवसानंतरही दोन वेळा आली, बापाला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून. तो फोटो तिनेच आणला. पोरगी चांगली आहे, भाकरी जाड करते, पण चांगली आहे.

तिच्यासाठीच तर डबा आणलास. घरात एक खोली आणि आपण चौघं, आणि आपल्या खाऱ्या जमिनीत हातभर खणलं की पाणी लागतं, पाया उभा राहत नाही. तू कामाला आहेस त्या रेल्वेच्या कंपनीचं रोह्याचं काम आटपत आलं तेव्हा तिने साहेबांचे राहायचे जुने डबे विकून टाकले, त्यातला एक तू काळुरामच्या ट्रॅक्टरला बांधून आणलास. दोन चाकं, दोन खिडक्या, आत फळीची बाज. सगळं गाव बघायला आलं. मी म्हटलं, नवरी काय चाकावर नांदणार, उद्या कोणी बैल जोडून घेऊन गेला तर. तू म्हणालास, आजी, तूच बस दारात राखण करायला, कोणाची हिंमत होणार नाय. मी वरून तोंड वाकडं केलं. पण त्याच दुपारी डब्यात जाऊन त्या बाजेवर पडून बघितलं. खिडकीतून वारा येतो.

जमीन कुठे उंच, कुठे सखल ते मला डोळ्याने नाही, तळव्याने कळतं. दहा वर्षांची असल्यापासून मी मिठागरात आहे. वाफ्याच्या एका कोपऱ्याला पाणी दोन बोटं जास्त राहिलं तर तिथे मीठ नीट धरत नाही, सगळी मेहनत वाया. मग काय करायचं तर उंच बाजू खरवडायची. सखल बाजूला माती टाकायची नाही. टाकलेली माती फुगते, बसते, पाणी धरते. खरवडलेली जमीन जशी केली तशी राहते. हे मला सासूने शिकवलं, फावड्याच्या दांड्याने पोटरीवर मारून शिकवलं, आणि मिठागरात ते एकदाही चुकलं नाही. हे लक्षात ठेव.

माघात तू डबा लावलास. अंगण बांधाकडून खाडीकडे उतरतं आणि थोडं मागेही. खाडीकडच्या चाकाखाली तू फळी घातलीस, दोन्ही चाकांच्या मागे दगड लावलेस, पुढे जॅक दिलास. रोह्याला तुझी शिफ्ट होती. म्हणालास, चार दिवस बसू दे, रविवारी कोपऱ्यांचे पाय लावून पक्कं करतो. मी आत काशाचं ताट ठेवलं, पाणी ओतलं. पाणी खाडीकडच्या काठाला लागलं, बांधाकडचं ताट कोरडं. मी तुला म्हटलं, नवरीचं दूध एका बाजूने सांडेल. तू म्हणालास, आजी, रविवारपर्यंत दूध तापवू नको. आणि गाडी पकडायला पळालास.

रविवारचं मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. थोडंच लिहिते. तू पुढे जॅक फिरवत होतास, जगन मागच्या कोपऱ्याशी वाकून डब्याच्या पायाखाली फळी सरकवत होता. बांधाकडचा दगड निसटला, डबा हातभर मागे आला, जॅकवरून उतरला आणि कोपऱ्याचा लोखंडी पाय जगनच्या पायावर बसला. पेणच्या दवाखान्यात नेईपर्यंत तुझ्या शर्टाला जे लागलं होतं ते मी धुतलंय. आणि तिथून परत आल्यावर अंगणात जगन तुला जे बोलला तेही मी ऐकलंय. दगड तू लावलेस, एक दगड धड लावता येत नाय, बापाला लंगडा करून नवरी आणतोस. माझ्यासमोर येऊ नको. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीकडे बोगद्याच्या कामावर बदली मागून घेतलीस. मी चुलीपाशी होते. लाकडं ओली होती, फुंकत होते.

आत्ताच उठून बघून आले. डबा आहे तसा आहे. आता तो कसा लावलाय ते लिहिते, नीट वाच, कारण तुझ्या त्या विटेचा मला घोर लागलाय.

दीड महिना डबा नाक मातीत घालून पडून होता. पाडवा झाल्यावर जगनने काळुरामला बोलावलं, म्हणाला भंगारात ने. मी दारात उभी राहिले. म्हटलं, अंगण माझं आहे, यातून काही जाणार नाय, लावायचा तर नीट लाव. काळुरामने जगनकडे बघितलं, जगन आत निघून गेला. मग त्याने लावला आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. आधी त्याने कशाला हात लावला नाही. विडी पेटवून अंगणात फिरला, टाचेने माती दाबून बघितली, मऊ कुठे, घट्ट कुठे. डबा ओढून दोन हात पुढे घट्ट जागेवर घेतला. मग ट्रॅक्टर जोडलेला असतानाच खाडीकडच्या चाकापुढे दोन रुंद फळ्या एकीवर एक ठेवल्या, पायरीसारख्या, आणि ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने पुढे घेतला. चाक फळीवर चढलं. आत त्याने गवंड्याची लेव्हलची बाटली ठेवली होती, मी शेजारी माझं ताट ठेवलं. दोघांचं एकमत झालं तेव्हा थांबला. मग दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड, आधी लाथ मारून, मग घणाने ठोकून. तेव्हा कुठे ट्रॅक्टर सोडला. सोडताना सगळ्यांना बांधावर उभं केलं, मालूलाही, ती सुपात तांदूळ घेऊन आली होती तशीच. डबा हलला नाही. मग जॅकने पुढे मागे सारखं केलं, जॅकखाली बसायच्या पाटाएवढी फळी. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे चार पाय, तेही रुंद फळ्यांवर, नुसते टेकेपर्यंत. तो म्हणाला, आजी, या पायांवर डबा उचलायचा नसतो. भार चाकांनी घ्यायचा, पायांनी फक्त डुगडुग थांबवायची. आणि खालच्या फळ्या त्याने काठीने सरकवल्या. डब्याखाली हात नाही, पाय नाही. जगन दारातून ते बघत होता.

तुझ्याकडे तर डोंगराचा उतार आहे. पाऊस लागला की ती लाल माती लोण्यासारखी होईल, आणि विटेला भार तिरका आला की ती फुटायला वेळ लागत नाही. तेव्हा पत्र वाचून झालं की आतलं सामान आणि माणसं बाहेर काढ, डबा गाडीला जोडून घे, आणि मी लिहिलं त्या क्रमाने पुन्हा लाव. आधी आडवं, म्हणजे दोन चाकं सारखी, मग दगड, मग गाडी सोडायची, मग उभं, म्हणजे पुढे मागे, मग पाय. मधलं काही गाळू नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दगडांना परत लाथ मारून बघ. रोज बघ. काल नीट होता म्हणून आज आहे असं नाही.

एक गोष्ट राहिली. दगड ठोकताना काळुराम बांधाकडच्या जुन्या जागेपाशी थांबला होता. म्हणाला, पोराने दगड तर चांगला जड लावला होता, मग निसटला कसा, आणि या चाकामागची माती कोणी हलवली. मी म्हटलं, खेकडे. खाडीकाठचं अंगण आहे, खेकडे उकरतातच. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, असतील. विडी विझवून कामाला लागला.

निल्या, तो खेकडा मी. तू रोह्याला होतास, जगन मिठागरात, मालू बाजाराला पेणला. शुक्रवारची दुपार. ताटातलं पाणी मला स्वस्थ बसू देईना. रविवारपर्यंत कोण थांबतो, आणि कालचा पोर मला सांगतो बसू दे. मी फावडं घेतलं आणि उंच बाजू खरवडली. बांधाकडच्या चाकाच्या पुढून मागून, बोट बोट करून, आमच्या पद्धतीने. मागचा दगड आड येत होता म्हणून दोन्ही हातांनी काढला, खालची माती उकरली, चाक हळूच खाली बसलं, आणि दगड परत ठेवला. ठेवला म्हणजे नुसता ठेवला, उकरलेल्या भुसभुशीत मातीवर. वाफ्यात दगड नसतो, निल्या. वाफा सरकून कोणाच्या पायावर येत नाही. हे माझ्या डोक्यात आलं नाही. आत जाऊन ताट बघितलं तर पाणी चारी बाजूंनी सारखं. मी खूश झाले. निघालेली माती बांधावर टाकली, फावडं धुतलं, आणि रविवारी तुला दाखवून टोमणा मारायचा म्हणून कोणाला बोलले नाही. रविवारी सकाळी तू म्हणालास, आजी, बघ, डबा आपोआप बसला. मी गालात हसले. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू जाऊन दगड बघितला असतास. आणि नंतर जगन तुला बोलत होता तेव्हाही तोंड उघडलं नाही. का म्हणून विचारशील. लाकडं ओली होती हे उत्तर नव्हे.

म्हणून पहिल्या ओळींत जे लिहिलं ते खोटं आहे, खोडत नाही, कागद घाण होतो. तू शिकला नाहीस असं नाही. तुला डबा लावता येतो, तू नीट लावला होतास. पण त्या फोटोत मला दिसलं की आपल्या हाताला काही जमत नाही असं तुला वाटायला लागलंय, आणि अशा माणसाला एका विटेवर निजायलाही काही वाटत नाही. काल मिठागरावर जाऊन जगनला सगळं सांगितलं. तो छत्रीखाली बसला होता, मी उन्हात उभी राहूनच बोलले. ऐकून घेतलं आणि म्हणाला, आये, मी पोराला घराबाहेर काढला आणि तू चूल फुंकत बसलीस. मी म्हटलं, व्हय. मग त्याने विचारलं, पाणी सारखं झालं होतं का त्या दिवशी. म्हटलं, झालं होतं. त्याने छत्री थोडी माझ्याकडे सरकवली, पण माझ्याकडे बघितलं नाही, आणि आज सकाळपर्यंत माझ्याशी बोललेला नाही. तो काय करेल ते मला माहीत नाही, आणि तू काय करशील तेही नाही. माझ्यावर रागवायचं असेल तर समोर येऊन रागव, मी मेल्यावर रागवून उपयोग नाही. आज उठल्यावर त्याने मालूकडून वहीचा कागद मागून घेतला आणि तुझ्या डब्याच्या पायरीवर बसला. दुपारी जेवायला उठला तेव्हा कागदावर 'निलेश' एवढंच लिहिलेलं होतं आणि पुढे टिंब टिंब पेन टेकवलेलं. चौथीपर्यंत शिकलाय, लिहिता येतं, पण पुढचं त्याला येत नाही. तो कागद त्याला न विचारता या पाकिटात घातलाय. खाली सगळी जागा कोरी आहे. उत्तर मला पाठवायचं नाही, मृणालीकडून निरोप धाडायचा नाही. तू स्वतः लिहायचं, त्याच कागदावर, तुझ्या बापाला. आणि पाऊस पडायच्या आत.

तुझीच, फावडं धुऊन ठेवलेली आजी,
जनी